काहिलीपासून कारखान्यापर्यंत : वाफेच्या काटकसरीची कथा



जायकवाडीचा डावा कालवा पाथरीच्या शिवारात आला आणि कापूस-ज्वारीच्या जोडीला ऊस उभा राहू लागला. पैठणच्या त्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी बसवली. १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. पुढे तालुक्यातच देवनांद्र्याला साखर कारखाना झाला. त्याचे धुराडे लांबून दिसते. पण आत वाफेचे काय काम चालते, आणि ते काम कोणी सुधारले, हे फारसे कोणी सांगत नाही. तीच कथा आज सांगावयाची आहे.

आधी आपल्या गुऱ्हाळावर जाऊ. काहिलीत रस उकळतो, खाली चुलवणात चिपाडे धडधडतात, आणि वर पांढऱ्या वाफेचे लोट उठतात. शंभर किलो रसात पंच्याऐंशी किलोच्या आसपास पाणीच असते. ते उडवावयाचे म्हणजे केवढा जाळ! गार पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. ही उष्णता जाते कोठे? त्या लोटांबरोबर वर, आभाळात.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील लुइझियाना प्रांतातही साखर अशीच होत असे. एका भट्टीवर चार-पाच उघड्या काहिली ओळीने मांडलेल्या. रस आटत जाईल तसा मोठीतून लहानीत लांब दांड्याच्या पळ्यांनी ओतावयाचा. हे काम गुलाम करीत. उकळता रस अंगावर उडे, माणसे भाजत. लाकूड अमाप लागे, आणि एवढे करून रस करपून साखर काळपट निघे. पुढे काही ठिकाणी जाळाऐवजी वाफेच्या नळ्यांनी रस तापवू लागले. हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने १८१३ च्या सुमारास बंद भांड्यातली हवा काढून कमी उष्णतेवर पाक उकळण्याची युक्तीही काढली होती. करपणे थांबले; पण रसातून उठणारी वाफ फुकटच जात राहिली.

हा दोष ज्याने ओळखला त्याचे नाव नॉर्बर्ट रिल्यू. जन्म न्यू ऑर्लिन्सचा, १८०६ चा. बाप गोरा, आई कृष्णवर्णीय वंशाची पण गुलामगिरीतून मुक्त असलेली स्त्री. बापाने मुलाला पॅरिसला शिकायला पाठवले, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी तो तेथे यंत्रशास्त्र शिकवू लागला. मायदेशी परतला तेव्हा मात्र विद्येने मोठा असूनही कायद्याने तो गोऱ्यांच्या बरोबरीचा नव्हता.

त्याचा विचार साधा होता. महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, कारण तेथे हवेचा दाब कमी. मग तीन बंद भांडी ओळीने ठेवा. पहिल्यातल्या रसाला इंजिनातून बाहेर पडलेली वाफ द्या. त्या रसातून उठलेली वाफ दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांत सोडा. तेथे दाब कमी, म्हणून थोड्या कमी उष्णतेवरही रस उकळेल. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला. म्हणजे एका किलो वाफेत एक नव्हे, जवळजवळ तीन किलो पाणी उडाले! पहिला प्रयत्न फसला. पण १८४३ साली त्याला पेटंट मिळाले, १८४५ मध्ये एका मळ्यावर यंत्र नीट चालले, आणि १८४६ मध्ये सुधारित पेटंट आले. आपल्या कारखान्यांत आज अशीच चार किंवा पाच भांडी ओळीने उभी असतात.

यंत्र चालू झाले म्हणजे दुखणी संपली असे नव्हे. भांडे रस आटवीनासे झाले की नवशिक्या म्हणतो, वाफ वाढवा. जाणता कारागीर आधी तीन गोष्टी पाहतो. नळ्यांना रसाच्या बाजूने क्षारांचे पुट चढले आहे काय? वाफेच्या बाजूला हवा कोंडली आहे काय? वाफेचे झालेले पाणी निघून न जाता तुंबले आहे काय? थंड देशांत घरे वाफेच्या लोखंडी नळांनी ऊबदार करीत. तेथेही हवा कोंडली की खोली गार राहते, आणि पाणी तुंबले की नळ हातोडा मारल्यागत ठोठावतो. रोग तोच, उपायही तोच : वाट मोकळी करा. जास्त जाळ घालण्याआधी उष्णता कोठे अडते ते पाहा.

रिल्यूच्या यंत्राने पळ्यांनी रस ओतण्याचे जीवघेणे काम संपवले. पण मळ्यावरचा माणूस त्याने मुक्त झाला नाही. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. वाचलेली उष्णता मळेवाल्याच्या खिशात गेली. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू केला, तेव्हा प्रश्न हाच होता की यंत्राची मिळकत कोणाच्या घरी जावी. उसाच्या मालकापुरते तेथे उत्तर मिळाले. पहाटेच्या थंडीत फडात कोयता चालवणाऱ्या आपल्या मराठवाड्याच्या जोडप्यांसाठी ते अजून पुरते मिळालेले नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि त्यावर गार पाण्याची थाळी झाकणासारखी ठेवा. थोड्या वेळाने थाळीतले पाणी तापलेले मुलांना दिसेल. हात मात्र वाफेपासून दूर ठेवावयास सांगा. थाळीला जाळ कोणी लावला, असे मग मुलांना विचारा. आणि रिल्यूचे नाव त्यानंतर सांगा.