उत्पादन दायित्व : सदोष विद्युत् घटमाला

सदोष वस्तूमुळे होणाऱ्या शारीरिक इजेबद्दल, मृत्यूबद्दल किंवा मालमत्तेच्या हानीबद्दल त्या वस्तूच्या उत्पादकाने वा विक्रेत्याने भरपाई देण्याची जी कायदेशीर जबाबदारी, तीस उत्पादन दायित्व म्हणतात. भ्रमणध्वनी संचातील लिथियम-आयन विद्युत् घटमालेच्या स्फोटांमुळे या जबाबदारीस अलीकडे विशेष महत्त्व आले आहे.

इंग्रजी विधीनुसार वस्तूतील दोषाबद्दल दाद मागण्याचा हक्क प्रारंभी संविदेतील पक्षापुरताच, म्हणजे खरेदीदारापुरता मर्यादित होता. अमेरिकेत १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मॅक्फर्सन खटल्यात व इंग्लंडमध्ये १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने डॉनह्यू खटल्यात ही मर्यादा मोडली. अंतिम उपभोक्त्याची काळजी घेणे हे उत्पादकाचे कर्तव्य ठरले. तथापि त्याची हयगय सिद्ध करण्याचा भार जखमी व्यक्तीवरच राहिला. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रीनमन खटल्यात हयगयीच्या पुराव्याविनाही उत्पादक जबाबदार ठरतो, असा निर्णय दिला.

भारतात प्रदीर्घ काळ या विषयावर स्वतंत्र अधिनियम नव्हता. बोरीबंदर–ठाणे लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. याच यंत्रयुगाच्या आरंभी प्राणघातक अपघात अधिनियम, १८५५ संमत झाला. त्याने दुसऱ्याच्या हयगयीने मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या पती-पत्नी, आईवडील व अपत्यांना दाव्याचा हक्क दिला. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ आणि मालविक्री अधिनियम, १९३० यांनी खरेदीदारास काही संरक्षण दिले. मात्र दिवाणी दाव्याचा खर्च व कालावधी सामान्य माणसाला परवडणारा नव्हता.

ही उणीव दूर करण्याच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. सभासदांच्या घरोघरी होणाऱ्या मासिक वाटपातून ही चळवळ ठाणे परिसरातील मध्यमवर्गातही रुजली. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये जिल्हा मंच, राज्य आयोग व राष्ट्रीय आयोग अशी त्रिस्तरीय यंत्रणा निर्माण झाली. जिल्हा मंचाची आर्थिक मर्यादा आरंभी एक लाख रुपये होती. ती टप्प्याटप्प्याने वीस लाखांपर्यंत वाढली.

लिथियम-आयन घट १९९१ मध्ये व्यापारी स्वरूपात बाजारात आला. त्यातील धनाग्र व ऋणाग्र यांच्यामध्ये अतिशय पातळ सच्छिद्र पटल असते. उत्पादनातील दोष, आघात किंवा अतिभारण यांमुळे हे पटल फाटल्यास अंतर्गत मंडल-संक्षेप होतो. तापमान वाढून रासायनिक विक्रिया आपोआप वेग घेतात व ज्वालाग्राही विद्युत् विच्छेद्य पेटते. २००७ मध्ये नोकिया कंपनीने आपल्या एका प्रकारच्या सु. ४.६ कोटी घटमालांबाबत इशारा दिला होता. २०१६ साली सॅमसंग कंपनीला एका संचाचे उत्पादनच थांबवावे लागले. भारतात अशा घटमालांची भारतीय मानक ब्यूरोकडे सक्तीची नोंदणी करण्याचा निर्णय २०१४ मध्ये अधिसूचित झाला. त्यानंतरही धोका संपलेला नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेल्या वसई येथे २०२२ मध्ये विजेवरील स्कूटरची घटमाला घरात भारित होत असताना तिचा स्फोट झाला व एका सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ जुलै २०२० मध्ये अंमलात आला आणि त्याच्या सहाव्या प्रकरणाने उत्पादन दायित्व प्रथमच संहिताबद्ध केले. निर्मितीतील किंवा आराखड्यातील दोष, विनिर्देशांपासून विचलन, स्पष्ट हमीचा भंग आणि अपुऱ्या सूचना वा इशारे यांपैकी एक गोष्ट सिद्ध झाली, तरी उत्पादक जबाबदार ठरतो. स्पष्ट हमी देताना हयगय किंवा लबाडी केली नव्हती, हा बचाव त्यास उपयोगी पडत नाही. वस्तूचा गैरवापर झाला असल्यास किंवा तिच्यात फेरफार केला असल्यास विक्रेत्याविरुद्धची कारवाई टिकत नाही. त्यामुळे अनधिकृत दुरुस्ती वा बनावट घटमाला तक्रारदाराच्या अडचणीची ठरते. ‘हानी’ या संज्ञेत शारीरिक इजा, मृत्यू व मानसिक क्लेश येतात. खुद्द वस्तूचे नुकसान येत नाही. त्यामुळे संचाची किंमत वस्तूतील दोषाबद्दलच्या सर्वसाधारण तक्रारीतून मागावी लागते.

तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथेही तक्रार करता येते. साहजिकच डोंबिवली वा कल्याण येथील जखमी व्यक्तीस उत्पादकाच्या परगावच्या कार्यालयामागे धावावे लागत नाही. ठाणे जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची असते. जिल्हा आयोगाची मर्यादा २०२१ च्या नियमांनुसार पन्नास लाख रुपये असून ती मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर वस्तूसाठी मोजलेल्या किंमतीवरून ठरते. मोटारीला आग लागून झालेल्या एका मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली ही तरतूद वैध ठरविली. परिणामी पंधरा हजारांच्या संचामुळे कायमचे अपंगत्व आले, तरी तक्रार जिल्हा आयोगाकडेच व शुल्काविना दाखल होते.

वस्तू ज्याने विकत घेतली नाही, पण खरेदीदाराच्या संमतीने वापरली, तोही ग्राहक ठरतो. गाडीतील सहप्रवाशासारख्या त्रयस्थास मात्र दिवाणी न्यायालयात अपकृत्याचा दावा हाच मुख्य मार्ग उरतो. इजा हयगयीमुळे झाली असल्यास भारतीय न्याय संहितेखाली पोलिसांत फिर्यादही देता येते. परंतु तिचा हेतू शिक्षा हा असतो.

या सर्व उपायांचे यश पुराव्यावर अवलंबून असते. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवून अहवाल मागवू शकतो. पण स्फोटानंतर जळालेले अवशेष बहुधा केरात जातात किंवा तपासणीच्या नावाखाली कंपनीच्या स्वाधीन केले जातात. अवशेष, खरेदीची पावती, भारक, वैद्यकीय कागदपत्रे व पंचनामा यांचे जतन न झाल्यास दोष कशात होता हे ठरविणे दुष्कर होते. कायद्याने हयगयीच्या पुराव्याचे ओझे हलके केले आहे. दोषाच्या पुराव्याचे ओझे मात्र अद्याप जखमी व्यक्तीच्याच माथी आहे.