नवरीच्या पावलांचा आलता
बंगालमध्ये नवी नवरी सासरी येते, तेव्हा दूध-आलत्याच्या थाळीत पाय बुडवून घरात शिरते. पांढऱ्या कापडावर तिची लाल पावलं उमटतात. जुन्या मराठीतला अळता तो हाच. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही सखी मालविकेची पावलं त्यानं रंगवते.

हा रंग लाखेचा. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर बारीक किडे लाख करतात. ती कुटून धुतली की लाल पाणी सुटतं. न्हाव्याच्या घरची बाई, नापितीण, घरोघर जाऊन बायकांची नखं काढी, पायांना आलता लावी. १८५६ साली लंडनमध्ये कृत्रिम रंग निघाला, मग बाटलीतला आलता आला. आम्ही गटात पै-पैचा हिशोब लिहिणाऱ्या बायका. आम्हाला खुपते ती तिची बुडालेली कमाई. लाख मात्र गोंदिया, गडचिरोलीकडे अजून निघते.