चिकित्सा-मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण (अमेरिका)

दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या मनोव्यथांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांची तीव्र उणीव भासू लागली, तेव्हा १९४७ साली डेव्हिड शॅको यांच्या समितीने सुचविलेल्या अभ्यासक्रमाच्या पायावर, १९४९ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने असे ठरविले की, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हा संशोधक आणि उपचारक अशा दोन्ही नात्यांनी तयार व्हावा. व्यक्तिमत्त्व, मनोविकृती, मानसिक कसोट्या, संशोधनपद्धती व मानसोपचार यांच्या अध्ययनाबरोबरच वर्षभराची प्रत्यक्ष उमेदवारी आणि स्वतंत्र प्रबंध यांचाही डॉक्टरेटच्या अटींत अंतर्भाव झाला. यांपैकी उमेदवारीचा दंडक सर्वांत मोलाचा होय. कारण पीडित माणसासमोर बसून, जाणत्या गुरूच्या देखरेखीखाली जे उमगते, ते केवळ ग्रंथांतून हस्तगत होत नाही. १९७३ मध्ये व्हेल येथील परिषदेने व्यवसायप्रधान अशा निराळ्या डॉक्टरेटलाही मान्यता दिली.