सहा तास बंद दार: 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्रीचा घटनाक्रम

मराठवाड्यातल्या उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावात आता व्यायामशाळेला जिम म्हणतात, आणि जिमच्या दाराशेजारी अंगठ्याचं किंवा चेहरा ओळखणारं यंत्र बसवणं ही नवलाई राहिलेली नाही. एका शाखेपुरतं हे काम सोपं असतं. सभासदांची यादी त्या यंत्रातच असते, ती तिथलाच मॅनेजर सांभाळतो. शाखा पन्नास-शंभर झाल्या की प्रश्न बदलतो. सोलापुरात फी भरलेल्या सभासदाला पुण्यातलं दारही उघडायला हवं, आणि फी थकली की सगळ्या शाखांत एकाच वेळी प्रवेश थांबायला हवा. एनीटाइम फिटनेस ही 2002 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली साखळी याच कल्पनेवर वाढली: एकच बिल्ला, कुठलीही शाखा, दिवसाचे 24 तास. मग सगळ्या दारांच्या याद्या इंटरनेटवरून एका ठिकाणी आणायचं ठरतं. मागणी रास्त आहे. पण त्यासाठीच्या करारावर सही करण्याआधी प्रत्येक मालकाने एका रात्रीचा घटनाक्रम वाचावा. ती रात्र जिमची नाही, फेसबुकची आहे. त्या रात्री एक चुकीची आज्ञा कंपनीच्याच कार्यालयाच्या दारापर्यंत जाऊन पोचली होती. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

सोमवार, 4 ऑक्टोबर 2021, संध्याकाळ

महाराष्ट्रात त्याच दिवशी शाळांची घंटा वाजली होती, ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून. तीन दिवसांवर घटस्थापना होती आणि त्याच दिवशी राज्यातली मंदिरं भाविकांसाठी उघडणार होती, तुळजापूरचंही. आठवड्यापूर्वीच्या गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात गेलं होतं. शाळेचे निरोप, दर्शनाची चौकशी, पिकाचे फोटो, असं सगळं व्हॉट्सॲपवरून फिरण्याचे ते दिवस.

फेसबुकचं मुख्यालय असलेल्या कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळ होत होती. फेसबुकची डेटा सेंटरं जगभर विखुरलेली आहेत आणि ती एकमेकांना जोडणारं केबलचं जाळं कंपनीचं स्वतःचं आहे. त्या जाळ्याची नेहमीची देखभाल सुरू होती.

रात्री 9:10 च्या सुमारास

जाळ्याची किती क्षमता शिल्लक आहे हे तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली. तिने तपासण्याऐवजी जोडण्याच तोडल्या आणि सगळी डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली. अशा चुकीच्या आज्ञा आधीच अडवणारं एक तपासणी-साधन कंपनीकडे होतं. त्यातच दोष निघाला आणि आज्ञा पुढे गेली. हे सगळं कंपनीच्या पायाभूत यंत्रणेचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी दुसऱ्या दिवशी लिहून प्रसिद्ध केलं.

यानंतर जे घडलं ते कुणाच्या चुकीने घडलं नाही, रचनेप्रमाणे घडलं. फेसबुकच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरना शिकवलेलं होतं की डेटा सेंटरशी बोलता येईनासं झालं तर आपली जोडणी बिघडली आहे असं समजा आणि जगाला आपली वाट दाखवणं थांबवा. एखादा सर्व्हर बिघडला असता तर हा नियम उत्तम ठरला असता. त्या रात्री सगळ्यांनाच डेटा सेंटर दिसेना, म्हणून सगळ्यांनीच वाट दाखवणं थांबवलं. सर्व्हर चालू होते, पण त्यांच्यापर्यंत पोचायला रस्ता नव्हता.

9:21

क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीत तातडीची नोंद झाली की फेसबुकचा पत्ता विचारला तर उत्तर येत नाही. तिथल्या अभियंत्यांना आधी स्वतःच्याच यंत्रणेचा संशय आला.

9:28

क्लाउडफ्लेअरची खात्री पटली. फेसबुकने आपल्या नावाच्या सर्व्हरकडे नेणाऱ्या वाटा जगाला सांगणं बंद केलं होतं. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप इंटरनेटच्या नकाशावरून उतरले होते.

आपल्याकडे लोक फोन बंद करून चालू करत होते, डेटा पॅक तपासत होते. ॲप पुन्हापुन्हा उघडली जात होती आणि प्रत्येक वेळी पत्त्याची नवी विचारणा जगातल्या सर्व्हरकडे जात होती. क्लाउडफ्लेअरकडे अशा विचारणा नेहमीच्या 30 पट झाल्या. बिघाड एका कंपनीचा होता, ओझं सगळ्यांवर आलं.

10 च्या पुढे

या घटनाक्रमातला दारांशी थेट संबंध असलेला भाग इथून सुरू होतो. कर्मचारी आपापसात बोलायला कंपनीचंच अंतर्गत ॲप वापरत, तेही त्याच जाळ्यावर होतं. बिघाड शोधायची साधनंही तिथेच. दुरुस्ती दुरून करायची तर रस्ता तोच, आणि तोच तुटलेला.

काही कर्मचारी कार्यालयाच्या दारापर्यंत पोचले. बिल्ला यंत्रासमोर धरला तरी दार उघडलं नाही, असं त्या दिवशी अमेरिकी वृत्तपत्रांनी दिलं. बिल्ला खरा होता आणि माणूसही खरा होता. दाराला तेवढं सांगणारं दुसऱ्या टोकाला कुणी उरलं नव्हतं. घराची किल्ली घरातच राहावी आणि लॅच लागून जावं, अशी ती स्थिती होती.

रात्री उशिरा

दुरून काही होईना, तेव्हा अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवलं गेलं. तिथे दुसरी अडचण उभी होती. या इमारती मुद्दामच आत शिरायला अवघड बांधलेल्या असतात. आत गेल्यावरही तिथली यंत्रं हाताशी असली तरी सहज बदलता येऊ नयेत अशी केलेली असतात. चोराला, हेराला, रागावलेल्या माजी कर्मचाऱ्याला थोपवण्यासाठी ही तटबंदी होती. त्या रात्री तिने दुरुस्तीला आलेल्या आपल्याच माणसांचा वेळ खाल्ला.

जनार्दन यांनी हे लपवलं नाही. आत जाण्याची विशेष परवानगी-पद्धत सुरू करायला जादा वेळ लागला, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. रोजची सुरक्षा वाढवण्यासाठी क्वचित येणाऱ्या संकटात दुरुस्तीला उशीर सोसावा लागला तरी तो सौदा परवडतो, असंही त्यांचं म्हणणं होतं. डेटा सेंटरसाठी ते मान्य करता येईल. जिमला ते लागू करता येणार नाही. त्याकडे पुढे येतोच.

पहाटेकडे

जोडण्या पुन्हा उभ्या राहू लागल्या तरी सगळं एकदम चालू करणं धोक्याचं होतं. डेटा सेंटरांचा वीजवापर कित्येक मेगावॉटने खाली आला होता. तो क्षणात वर गेला असता तर वीजयंत्रणेपासून साठवणीच्या यंत्रांपर्यंत काहीही कोलमडलं असतं. एखादी मोठी सेवा बंद पाडून ती पुन्हा उभी करण्याच्या तालमी कंपनी वर्षानुवर्षं करत आली होती. त्या तालमी इथे कामाला आल्या. पण सगळं जाळं एकाच वेळी तुटण्याची तालीम कधी झालेली नव्हती.

मंगळवार, पहाटे 2:30 ते 2:58

अडीच वाजता फेसबुकने पुन्हा वाटा सांगायला सुरुवात केली. 2:50 च्या सुमारास नावाला पत्ता मिळू लागला. 2:58 ला क्लाउडफ्लेअरने नोंद केली की फेसबुक पुन्हा जगाशी जोडलं गेलं आहे. सेवा त्यानंतर हळूहळू पूर्ववत झाल्या. सकाळी उठलेल्या उमरगेकराच्या फोनवर रात्रीचे अडकलेले निरोप एकामागोमाग येऊन पडले.

हीच रात्र जिममध्ये असती तर

जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांतली एक, हाताशी उत्तम अभियंते, आणि तरीही दारापाशी अडून राहणं. मग 60 शाखांची एखादी साखळी काय करेल? वेळ तीच धरू. रात्री 9:10 म्हणजे जिममध्ये कामावरून आलेल्यांची गर्दी. याद्या ठेवणारा दूरचा सर्व्हर गप्प झाला आणि दार प्रत्येक बिल्ल्यासाठी त्यालाच विचारणारं असलं, तर 60 शाखांची दारं एकाच मिनिटाला बंद होतील. जुन्या पद्धतीत एक यंत्र बिघडलं की एक शाखा अडायची. नव्या पद्धतीत एक चूक सगळीकडे एकदम पोचते. बाहेरचे सभासद खोळंबतील, चिडतील, फी परत मागतील. हे नुकसान भरून येतं.

आतल्या माणसांचं तसं नाही. काचेच्या दाराला वर चुंबकाचं कुलूप असतं. 12 व्होल्टच्या विजेवर चालणारं, 600 पौंडांचं म्हणजे सुमारे 270 किलोंची ओढ असलेलं कुलूप बाजारात सर्रास मिळतं. वीज गेली की ते आपोआप सुटतं, म्हणून त्याला सुरक्षित म्हणतात. पण लोडशेडिंगची सवय असलेल्या आपल्या गावांत त्याला बॅटरी जोडलेली असते. शॉर्टसर्किट झालं, धूर भरला, मुख्य वीज गेली, तरी बॅटरीवरचं चुंबक दार धरूनच ठेवतं. बाहेर पडायचं बटन त्याच बिघडलेल्या यंत्रातून जात असेल तर तेही मुकं होतं. दुसऱ्या प्रकारची कुलुपं वीज गेली की बंदच राहतात. आतून साधी मूठ फिरवून ती उघडत नसतील, तर माणसांच्या वाटेवर त्यांना जागा नाही.

बंद वाटेची किंमत या देशाने मोजली आहे. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली तेव्हा बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या आणि बंद होत्या. 59 माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. उमरगा तालुक्याला तर हे वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3:56 ला झालेल्या भूकंपात दगडमातीच्या भिंती माणसं दारापर्यंत पोचायच्या आत कोसळल्या. हातात काही सेकंद असताना दाराने एक क्षणही खाता कामा नये, हे इथल्या मागच्या पिढीला ठाऊक आहे.

मग जुनंच ठेवायचं का?

नाही. जुनी कार्डंही भरवशाची नाहीत. स्वस्तातलं साधं कार्ड समोर येईल त्या यंत्राला आपला क्रमांक सांगून टाकतं आणि त्याची नक्कल सहज होते. त्याहून सुधारलेल्या मायफेअर क्लासिक कार्डाची गुप्तता नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्येच मोडून दाखवली. म्हणून बदल करायलाच हवा. 4 ऑक्टोबरच्या रात्रीने तो कसा करायचा हे शिकवलं आहे.

पहिली गोष्ट, परवानगीची यादी दारापाशीच असावी. दूरच्या सर्व्हरने ती ताजी करत राहावं, पण नेट गेलं तरी दाराने कालच्या यादीवर निर्णय घ्यावा. एखादा थकबाकीदार दोन दिवस फुकट व्यायाम करून गेला तर काही बिघडत नाही.

दुसरी, नवी आज्ञा सगळ्या शाखांना एकदम पाठवू नये. आधी एका शाखेत, मग पाचांत, एक दिवस थांबून बाकीच्यांत. फेसबुककडे चूक अडवणारं साधन होतं, तेही चुकलं. टप्प्याने गेलेली चूक टप्प्यावर थांबवता येते.

तिसरी, दुरुस्तीची वाट त्याच जाळ्यातून जाऊ नये. प्रत्येक शाखेत धातूची किल्ली, ती कुणाकडे आहे हे भिंतीवर लिहिलेलं, आणि मॅनेजरचा साधा फोन नंबर. व्हॉट्सॲप ग्रुप ही आपत्कालीन व्यवस्था होऊ शकत नाही, हे त्या रात्रीने सिद्ध केलं.

चौथी सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यात तडजोड नाही. आतून बाहेर पडायला परवानगी लागता कामा नये. बाहेर पडायच्या दाराला आतून किल्लीची गरज पडू नये, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. बिल्ला, अंगठा, चेहरा यांनाही तेच लागू व्हायला हवं. बाहेर पडायच्या बटनाने आणि आगीच्या घंटेने चुंबकाची वीज थेट तोडावी, मध्ये कुठलाही संगणक नको, आणि बॅटरीही त्याच तारेवर हवी.

हे सगळं कागदावर लिहून घेतलं तरी पुरेसं नाही. तालीम हवी. महिन्यातून एकदा, जिम भरलेली असताना, राउटर बंद करून पाहावा. मग मुख्य वीज बंद करून पाहावी. मग दोन्ही बंद करून आतल्या सर्वांत छोट्या सभासदाला दार ढकलायला सांगावं. ते उघडलं तर यंत्रणा चांगली. नाही उघडलं तर ती कितीही आधुनिक असो, त्याच दिवशी काढून टाकावी. आणि तुम्ही स्वतः जिमला जात असाल तर आज संध्याकाळी मॅनेजरला एवढंच विचारा: वीज आणि नेट दोन्ही गेले तर हे दार आतून कसं उघडतं, ते मला आत्ता उघडून दाखवा.