लंडनमधील दोन वाटा
१८८३ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या लंडन शाखेचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले, त्या डॉ. ॲना किंग्सफर्ड यांची दृढ श्रद्धा अशी होती की, सत्याचा साक्षात्कार साधकाच्या अंतरात्म्यातच होतो, आणि ख्रिस्ती कथांचा गूढार्थ व हर्मेटिक परंपरा हीच पाश्चात्त्यांची स्वाभाविक वाट होय. उलट, 'पायोनियर' वृत्तपत्राचे माजी संपादक व याच शाखेतील सिनेट यांची सारी भिस्त तिबेटी महात्म्यांच्या पत्रांवर होती. गुरुवचनापेक्षा स्वानुभवाला प्रमाण मानण्याचे किंग्सफर्डबाईंचे धैर्य मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. या दोन पक्षांच्या वादात सोसायटीचे अध्यक्ष कर्नल ऑल्कट यांनी मध्यस्थी केली, पण तडजोड टिकली नाही, आणि मे १८८४ मध्ये बाईंनी स्वतंत्र हर्मेटिक सोसायटी स्थापिली. तेथे व्याख्याने देणाऱ्या वेस्टकॉट व मॅदर्स यांनी, बाई निवर्तल्या त्याच १८८८ साली, वुडमन यांच्यासह 'गोल्डन डॉन' ही गूढविद्येची संघटना काढून श्रेणीबद्ध दीक्षाविधींचा तिसराच मार्ग पत्करला.