लघु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि जिल्ह्याचे महाविद्यालय : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विज्ञानाचा इतिहास बहुधा शास्त्रज्ञांचा आणि सिद्धांतांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. उपकरणांना त्यात दुय्यम स्थान मिळते. वास्तविक एखादे उपकरण कोठे आणि कोणाच्या हाती होते, यावरून कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते राहून गेले, हे पुष्कळदा ठरत असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे याचे बोलके उदाहरण होय. जालन्यासारख्या जिल्ह्यातील विज्ञानाचा विद्यार्थी तंतुकणिका, हरितलवक, विषाणू यांच्या आकृत्या वर्षानुवर्षे वहीत काढतो. ज्या उपकरणामुळे त्या आकृत्या शक्य झाल्या, ते पाहण्याची संधी मात्र बहुतेकांना मिळत नाही. अलीकडील लघु, अल्प विद्युतदाबाच्या उपकरणांमुळे ही स्थिती बदलू शकते काय, याचा विचार करण्यापूर्वी मागील इतिहास पाहणे क्रमप्राप्त ठरते.

उद्दिष्टे :
१) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) मुंबईतील कर्करोग संशोधनात या उपकरणाने बजावलेली भूमिका स्पष्ट करणे.
३) लघु उपकरणांची महाविद्यालयीन अध्यापन व संशोधनातील उपयुक्तता आणि मर्यादा तपासणे.

उपकरणाचा विकास :
प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे साध्या सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता सुमारे २०० नॅनोमीटरपाशी थांबते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी एर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे इलेक्ट्रॉनांचा झोत आणि चुंबकीय भिंगे वापरली. रुस्का यांना या कार्यासाठी १९८६ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर, नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तूचा पृष्ठभाग दाखविणारा क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शक केंब्रिज येथे चार्ल्स ओटली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकसित केला. तो १९६५ मध्ये बाजारात आला. भारतात मेघनाद साहा यांच्या प्रोत्साहनाने नीरजनाथ दासगुप्ता यांनी १९४० च्या दशकात कलकत्त्यात पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारण्याचे काम हाती घेतले.

मोठ्या उपकरणाला स्वतंत्र खोली, कंपनमुक्त पाया, अखंड वीजपुरवठा आणि प्रशिक्षित चालक लागतो. त्यामुळे ते महानगरांतील मोजक्या संस्थांपुरतेच राहिले.

मुंबईतील उदाहरण :
महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राकडे पाहता येते. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर हे होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. सत्यवती शिरसाट यांनी संशोधन केले. त्यांनी लंडन येथील चेस्टर बिटी संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचे प्रशिक्षण घेतले आणि मुंबईत परतून जैववैद्यकीय प्रयोगशाळा उभी केली.

त्यांच्यासमोरील प्रश्न येथील होता. तोंड उघडणे हळूहळू अशक्य करणाऱ्या मुखाच्या विकाराचे वर्णन मुंबईतील डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये केले होते. शिरसाट आणि खानोलकर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सायसिन लावून ऊतींमध्ये होणारे बदल प्रकाशीय आणि इलेक्ट्रॉन अशा दोन्ही सूक्ष्मदर्शकांखाली तपासले.

पुढील संशोधनात या विकाराचे प्रमुख कारण म्हणून मिरचीऐवजी सुपारी पुढे आली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी मानवात कर्करोगकारक असल्याचे नमूद केले, तर महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, उपकरण कितीही सूक्ष्म दाखवीत असले तरी कारणमीमांसा ते स्वतः करीत नाही. दुसरी अधिक महत्त्वाची, ती म्हणजे प्रश्न विचारणारी व्यक्ती आणि उपकरण चालविणारे हात एकाच छताखाली होते. म्हणूनच स्थानिक आजार जागतिक शास्त्राचा विषय होऊ शकला.

लघु उपकरणांचे आगमन :
उपकरण लहान करण्याचा प्रयत्न जुना आहे. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे आर्मिन डेलाँग यांच्या सहभागाने तयार झालेल्या टेबलावर मावणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. याच परंपरेतून पुढे केवळ ५ किलोव्होल्टवर चालणारे पारगमन उपकरण तयार झाले. नेहमीच्या पारगमन उपकरणात ८० ते ३०० किलोव्होल्टचा दाब वापरतात. २००५ नंतर टेबलावरील क्रमवीक्षण उपकरणेही बाजारात आली.

कमी दाबाचे इलेक्ट्रॉन मंदगती असल्याने कार्बन, नायट्रोजन यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांकडूनही अधिक प्रमाणात विखुरले जातात. त्यामुळे जैविक नमुन्यांना युरेनियम किंवा शिशाच्या क्षारांचे रंजन न करताही ठळक प्रतिमा मिळू शकते. क्रमवीक्षणात कमी दाबामुळे अवाहक नमुन्यावर विद्युतभार साचण्याचे प्रमाण घटते आणि अनेकदा सोन्याचा थर देण्याची गरज राहत नाही. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. मंद इलेक्ट्रॉन जाड कापातून पार होत नाहीत. त्यासाठी अत्यंत पातळ काप घ्यावे लागतात आणि ते कौशल्य यंत्रासोबत विकत मिळत नाही.

जालन्याच्या संदर्भात :
१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याजवळ प्रश्नांची उणीव नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे संस्था स्थापन केली. कापूस, मोसंबी आणि लोखंडी सळ्यांचे कारखाने ही जिल्ह्याची ओळख होय. कापसाच्या तंतूची रचना, परागकणांचे पृष्ठभाग, पानांवरील बुरशी, तुटलेल्या सळईचा भंगपृष्ठ हे सर्व विषय टेबलावरील क्रमवीक्षण उपकरणाच्या आवाक्यातील आहेत.

आजवर असे नमुने मुंबई येथील आयआयटीसारख्या संस्थांतील सामायिक सुविधांकडे पाठविले जातात. ही व्यवस्था उपकारक आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु नमुना जातो, छायाचित्र परत येते आणि विद्यार्थी मात्र येथेच राहतो. नमुना कोठे बिघडला, प्रतिमेतील कोणती रेषा खरी व कोणती तयारीतील दोष, हे ओळखण्याचे शिक्षण या प्रवासात हरवते.

निष्कर्ष :
मुंबईचे उदाहरण असे दर्शविते की, उपकरणाला फलित देणारे घटक स्थानिक प्रश्न, प्रशिक्षित व्यक्ती आणि दीर्घ सातत्य हे होत. लघु उपकरणाने पहिल्यांदाच यंत्र जिल्ह्यापर्यंत आणणे शक्य केले आहे. तथापि काप घेणारा प्रशिक्षक, देखभालीची तरतूद आणि स्थिर वीज यांच्याविना ते कुलूपबंद खोलीतील शोभेची वस्तू ठरेल. म्हणून एकेका महाविद्यालयाने स्वतंत्र खरेदी करण्याऐवजी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी एक सामायिक उपकरण घ्यावे, त्यापूर्वी किमान दोन शिक्षकांना नमुना तयारीचे प्रशिक्षण द्यावे आणि पदवीच्या विद्यार्थ्यालाही यंत्रासमोर बसण्याचा हक्क वेळापत्रकातच नोंदवावा. खरेदीचा विचार या क्रमाने झाला, तरच जालन्यातील प्रश्न जालन्यातच तपासले जातील.