निजामी दप्तर आणि फिरत्या तबकड्या
नेकनूरसारख्या बीड जिल्ह्यातल्या गावांच्या नोंदी निजामी काळात उर्दूत आणि मोडीत लिहिल्या गेल्या; पुढे १९५४-५५चे खासरा पत्रक आले. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी आयबीएमची पन्नास तबकड्यांची, पन्नास लाख अक्षरे मावणारी पहिली हार्ड डिस्क निघाली. हा निव्वळ योगायोग. पण दप्तराचा धडा घरच्या सर्व्हरलाही लागू पडतो. नोंद टिकते ती वस्तू मजबूत असते म्हणून नव्हे, तर दुसऱ्या जागी तिची नक्कल असते म्हणून. २०२३मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्याबरोबर हैदराबादचीही निजामी दप्तरे धुंडाळली.

कोणी म्हणेल, सर्व्हरमध्ये दोन डिस्क आरशासारख्या चालतात, तीच नक्कल. पण चुकून खोडलेली फाइल दोन्हींतून एकदमच जाते. शिवाय डिस्क खराबही होते. वाळवी कागदावर दिसते. डिस्कही 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर'चा, म्हणजे निकामी ठरून बदललेल्या जागांचा, वाढता आकडा दाखवते. तेव्हा डिस्क बदलावी, पण आधी डेटा बाहेर काढून. नव्या डिस्कवर सगळे पुन्हा उतरवण्याचा, म्हणजे रीबिल्डचा, ताण उरलेल्या डिस्कला झेपेलच असे नाही. नकलेत चुका होतात, हा आक्षेपही जुनाच. म्हणून तर कारकून मूळ प्रतीशी रुजवात घालत. आता तेच काम चेकसम करतो.